दहा वेळा नऊ

प्रश्न : माझं घर चिखलीला आणि नोकरी चाकणला, गाड्यांचं वायरिंग तयार करणाऱ्या कारखान्यात. मामा हर्णैचा. त्याची मासेमारीची दहा मीटरची होडी आहे. केबिनमध्ये तीन यंत्रं आहेत : जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी घेतलेली, वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि प्रत्येक आपापलं चालतं. शेजारच्या मोठ्या बोटीवर सगळं एकाच पडद्यावर दिसतं म्हणे. मामा म्हणतो, "तू गाडीतल्या वायरी जोडतोस ना? मग पावसाळ्यात होडी शाकारलेली असेल तेव्हा एवढं जोडून दे." ही यंत्रं एकमेकांशी बोलतात म्हणजे नक्की काय करतात? जुनी यंत्रं जोडता येतील का? आणि जोडून मामाला खरा फायदा काय?
— एक वाचक, चिखली, पुणे

उत्तर : तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याच्या उत्तरावर बाकीची मेहनत करायची की नाही हे ठरतं.

मामाचा वायरलेस सेट गेल्या काही वर्षांतला असेल, तर त्यावर छोट्या झाकणाखाली एक लाल बटण असेल. संकटात झाकण उचलून ते बटण काही सेकंद दाबून धरलं, की सेट स्वतःहून ७० नंबरच्या चॅनलवर एक संदेश पाठवतो. टप्प्यातल्या अशा प्रत्येक सेटवर, मग तो जहाजावरचा असो की किनाऱ्यावरच्या केंद्रातला, घंटा वाजू लागते. संदेशात होडीचा नऊ आकडी ओळख क्रमांक असतो, होडी कुठे आहे ते अक्षांश-रेखांश असतात आणि वेळ असते. घाबरलेल्या माणसाला बोलता आलं नाही, इंजिनाच्या आवाजात ऐकू आलं नाही, तरी एवढं पोचतं.

पण वायरलेसला होडीची जागा कळणार कशी? काही नव्या सेटमध्ये जीपीएस आतच बसवलेला असतो. ज्यात तो नाही, त्या सेटला जागा बाहेरून सांगावी लागते, आणि सांगणारं कुणी नसेल तर संदेशातला जागेचा रकाना नऊ या आकड्याने भरला जातो. दहा वेळा नऊ. याचा अर्थ एवढाच, की जागा माहीत नाही. शोधायला निघालेल्या माणसांना होडी संकटात आहे हे कळतं, पण अरबी समुद्रात कुठे ते कळत नाही. आणि त्याच वेळी वायरलेसपासून हातभर अंतरावर जीपीएसच्या पडद्यावर तीच जागा काही मीटरच्या अचूकतेने झळकत असते. दोन यंत्रांमध्ये वायरीची एक जोडी टाकलेली नसते, एवढंच कारण. हा दोष जगभर आढळतो, आणि अमेरिकेच्या तटरक्षक दलाने यावर बोटमालकांना जाहीर इशारे दिले आहेत.

जागा हाताने बटणं दाबूनही भरता येते. पण होडी चालती असते. सकाळी भरलेली जागा दुपारी खोटी ठरते, आणि संकटाच्या वेळी नवी भरायला कुणाला फुरसत नसते. म्हणून मामाचा खरा फायदा मोठ्या पडद्यात शोधू नका. तो जीपीएसकडून वायरलेसकडे जाणाऱ्या दोन तारांमध्ये आहे. बाकी काही जमलं नाही तरी चालेल, एवढं मात्र जोडून द्या.

यंत्रं बोलतात म्हणजे काय करतात?

अगदी शब्दशः वाक्यं बोलतात. एकेकाळी प्रत्येक कंपनीच्या यंत्राची बोली वेगळी असे, आणि एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राला काही सांगू शकत नसे. अमेरिकेत बोटींची यंत्रं विकणाऱ्यांनी १९५७ मध्ये 'नॅशनल मरीन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन' नावाची संघटना स्थापन केली होती. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'एनएमईए' म्हणतात. तिने १९८३ मध्ये सर्वांसाठी एक सामाईक भाषा ठरवली : एनएमईए ०१८३. आज चाळीस वर्षांनंतरही लहान होड्यांवरची बहुतेक यंत्रं ही भाषा जाणतात. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांची, वेगवेगळ्या कंपन्यांची तुमची तीन यंत्रं जुळण्याची चांगली शक्यता आहे.

या भाषेतलं वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं. पुढची दोन अक्षरं बोलणारा कोण ते सांगतात : जीपीएस असेल तर 'जीपी', खोली मोजणारं यंत्र असेल तर 'एसडी'. त्यापुढची तीन अक्षरं विषय सांगतात. मग स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे, आणि शेवटी तारांकनानंतर दोन अक्षरी पडताळा. ऐकणारं यंत्र वाक्यातल्या अक्षरांवरून तोच पडताळा स्वतः काढून बघतं आणि जुळला नाही तर वाक्य टाकून देतं. पूर्ण वाक्य जास्तीत जास्त ८२ अक्षरांचं. वेग सेकंदाला ४८०० बिट, म्हणजे साधारण ४८० अक्षरं. इतक्या वेळात पूर्ण लांबीची पाच-सहा वाक्यंच मावतात, पण ताशी दहा-बारा किलोमीटर चालणाऱ्या होडीला तेवढी पुरतात.

फिश फाइंडरच्या एका वाक्यात मला फार गोडी वाटते. त्यात तीच खोली तीनदा लिहिलेली असते : आधी फुटांत, मग मीटरमध्ये, मग फॅदममध्ये. फॅदम म्हणजे सहा फूट, म्हणजेच आपल्या कोळ्यांची वाव : दोन्ही हात पसरल्यावर एका बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर. दोरीला शिसं बांधून मामाच्या आजोबांनी ज्या मापाने तळ मोजला असेल, ते माप आजही प्रत्येक वाक्यात तिसऱ्या जागी बसलेलं आहे. दहा वाव पाण्यात होडी असेल, तर यंत्र साठ फूट, १८.३ मीटर आणि दहा वाव अशा तिन्ही मापांत सांगतं.

जीपीएसच्या वाक्यात मात्र एक खाच आहे, ती मामाला नीट समजावून द्या. त्यात अक्षांश अंश आणि मिनिटं सलग जोडून लिहितात. हर्णैजवळचा अक्षांश साधारण १७ अंश ४८ मिनिटं आहे, तो १७४८ असा सुरू होतो. कुणी घाईत तो दशांश अंश समजून १७.४८ असा फोनवर सांगितला, तर चूक केवढी होईल? एका अंशाची मिनिटं साठ, म्हणून ४८ मिनिटं म्हणजे ०.८० अंश. फरक ०.३२ अंशाचा, म्हणजे १९ सागरी मैल, ३५ किलोमीटर. मदत वेगळ्याच गावासमोर जाऊन शोधत बसेल. पडद्यावरची जागा कोणत्या पद्धतीने दिसते ते तिन्ही यंत्रांवर एकसारखं ठेवा, आणि ती मोठ्याने वाचून दाखवायला तांडेलापासून सगळ्यात तरुण खलाशापर्यंत प्रत्येकाला शिकवा.

प्रत्यक्ष जोडायचं कसं?

या भाषेचा पहिला नियम सभेसारखा आहे : एका तारेवर बोलणारा एकच, ऐकणारे अनेक चालतात. जीपीएसच्या बोलण्याच्या दोन तारा वायरलेसच्या ऐकण्याच्या दोन तारांना जोडायच्या. त्याच दोन तारा फिश फाइंडरलाही ऐकवता येतात. पण जीपीएस आणि फिश फाइंडर या दोघांनाही एकाच तारेवर बोलायला लावलं, तर वाक्यं एकमेकांत मिसळतात आणि कुणालाच काही कळत नाही. तसं हवं असेल तर दोघांचं ऐकून एकेकाचं वाक्य ओळीने पुढे पाठवणारा मल्टिप्लेक्सर मध्ये बसवावा लागतो. तुमच्या कामाला त्याची गरज नाही.

तारांच्या रंगांवर विश्वास ठेवू नका. प्रत्येक कंपनीचे रंग निराळे असतात, म्हणून दोन्ही यंत्रांची माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवून जोडा. बोलण्याची धन तार ऐकण्याच्या धनला, ऋण तार ऋणला. काही जुन्या जीपीएसमध्ये बोलण्याची एकच तार असते. तिथे ऐकणाऱ्याची ऋण तार जीपीएसच्या अर्थला जोडावी लागते. दोन्ही यंत्रांच्या सेटिंगमध्ये वेग ४८०० ठेवा. सगळं बरोबर जोडूनही वायरलेस ऐकत नसेल तर आणखी एक गोष्ट तपासा. नवी यंत्रं अमेरिकेच्या उपग्रहांसोबत इतर देशांचे उपग्रहही वापरतात आणि वाक्याच्या सुरुवातीला 'जीपी'ऐवजी 'जीएन' म्हणतात. काही जुन्या वायरलेस सेटना हे नवं नाव ओळखता येत नाही. जीपीएसच्या सेटिंगमध्ये ते बदलण्याची सोय पुष्कळदा असते.

जोडणी जमली की वायरलेसच्या पडद्यावर अक्षांश-रेखांश आपोआप दिसू लागतील. हीच परीक्षा. लाल बटण दाबून परीक्षा घेऊ नका, ते खरं संकट समजून माणसं बाहेर पडतात. वेळ साडेपाच तास मागे दिसली तर यंत्र बिघडलेलं नाही. उपग्रहांची वेळ ग्रिनिचची असते, सेटिंगमध्ये साडेपाच तास वाढवून द्या. आणि सर्वांत आधी वायरलेसमध्ये नऊ आकडी ओळख क्रमांक भरलेला आहे ना, ते बघा. भारतीय बोटींचा हा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. तो सरकारकडून मिळतो, मनाने घालता येत नाही, आणि तो भरल्याशिवाय लाल बटण काम करत नाही.

चाकणच्या कामाचा इथे काय उपयोग?

पुष्कळ. शेजारच्या बोटीवर जे एका पडद्यावर दिसतं ते बहुधा पुढच्या पिढीच्या जोडणीमुळे : एनएमईए २०००. ती २००१ च्या सुमाराला आली, आणि तिचा पाया तुम्ही रोज हाताळता तोच आहे, कॅन बस. बॉश या जर्मन कंपनीने १९८६ मध्ये मोटारींसाठी ती जगापुढे मांडली. इंजिन, ब्रेक, डॅशबोर्ड या सर्वांना दोन पिळलेल्या तारांवर बोलता यावं, हा तिचा हेतू. पुढे समुद्रावरच्या यंत्रांनी हीच पद्धत उचलली. वेग सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे जुन्या भाषेच्या पन्नासपटीहून अधिक, आणि एका तारेवर पन्नासपर्यंत यंत्रं. इथे बोलणारे अनेक असले तरी चालतं. दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर ज्याचा संदेश अधिक निकडीचा तो पुढे जातो आणि दुसरा थांबतो.

रचना झाडासारखी. मधला बुंधा एकच, त्याला टी आकाराचे जोड, आणि प्रत्येक जोडापासून एका यंत्राकडे जाणारी फांदी, सहा मीटरपेक्षा लांब नसलेली. बुंध्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध. वीज बुंध्याला एकाच ठिकाणी, फ्यूजमधून. तपासणी भोसरीच्या गॅरेजमध्ये करतात तीच : वीज बंद करून दोन संदेशतारांमध्ये मीटर लावा. ६० ओहम दाखवले तर दोन्ही टोकं ठीक. १२० दाखवले तर एक रोध गायब आहे. ही परीक्षा तुम्हाला शिकवायला नको.

पण मामासाठी आत्ताच ही जोडणी घ्या असं मी म्हणणार नाही. जुनी यंत्रं तिच्यावर बोलण्यासाठी मध्ये दुभाषा बसवावा लागतो आणि खर्च वाढतो. उद्या नवं यंत्र घ्यायची वेळ आली, तर जीपीएस आणि फिश फाइंडर एकाच पेटीत असलेलं घ्या. त्यांची जोडणी कारखान्यातूनच झालेली असते, आणि त्याचा फायदा जाळ्याला होतो. पाण्याखालचं खडप कुठे आहे हे पूर्वीचे तांडेल किनाऱ्यावरचा डोंगर आणि सुवर्णदुर्गाचा बुरूज अशा खुणा एका रेषेत धरून लक्षात ठेवत. धुक्यात किंवा रात्री खुणा दिसत नाहीत. जागा आणि खोली एकाच यंत्रात असली, की खडप दिसताक्षणी एक बटण दाबून दोन्हींची एकत्र नोंद होते, आणि पुढच्या वेळी जाळं फाटण्याआधी होडी वळवता येते.

गाडीचं वायरिंग आणि होडीचं वायरिंग यांत फरक काय?

मीठ. चाकणच्या गाडीत साधी तांब्याची तार वर्षानुवर्षं टिकते. होडीत खारी हवा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली शिरून तीच तार आतून हिरवी-काळी करते. वरून शाबूत दिसते, आत वीज अडते. म्हणून तपकीर गल्लीत तार घ्यायला जाल, तेव्हा कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची तार मागा. भांड्यांना कल्हई लावतात तीच ही युक्ती. सांधा नुसता पिळून चिकटपट्टी गुंडाळू नका. दाबून बसवलेला जोड, त्यावर आतून गोंद असलेली आणि उष्णतेने आकसणारी नळी, आणि यंत्राकडे जाण्याआधी तारेला खाली एक झोळ, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाशी ठिबकेल, यंत्रात शिरणार नाही.

दुसरा फरक बॅटरीचा. वायरलेस ऐकताना जेमतेम वीज घेतो, पण पूर्ण २५ वॉटने बोलताना १२ व्होल्टवर पाच-सहा अँपिअर ओढतो. बॅटरीपासूनची तार लांब आणि बारीक असेल तर नेमक्या त्या क्षणी दाब उतरतो. रोज सगळ्यांचं ऐकू येत असतं, त्यामुळे सेट ठीक आहे असं वाटतं, आणि बोलायची वेळ येते तेव्हा तो मुका होतो. म्हणून वायरलेसला बॅटरीपासून थेट जाड तार द्या, तिचा फ्यूज वेगळा ठेवा. इंजिन चालू करताना जीपीएस बंद पडून पुन्हा सुरू होत असेल, तर स्टार्टरची बॅटरी आणि यंत्रांची बॅटरी वेगळी करायला हवी. आणि कोणतीही तार होकायंत्राच्या जवळून नेऊ नका. तारेतल्या विजेने सुई हलते, आणि सगळी यंत्रं बंद पडल्यावर घरी आणणारं तेवढंच उरतं.

सगळंच एकमेकांना जोडावं का?

नको, आणि हे मी मुद्दाम सांगतो. एका तारेवर सगळं बांधलं, तर एका फ्यूजबरोबर सगळं जातं. इस्रोने तटरक्षक दलासाठी तयार केलेलं संकटसूचक यंत्र, ज्याला 'डॅट' म्हणतात, २०१० पासून वापरात आहे. ते उपग्रहामार्फत संदेश पाठवतं. ते मामाकडे असेल तर स्वतंत्रच राहू द्या. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. देशभरच्या १ लाख नौकांसाठी ती आहे. हा इस्रोने घडवलेला ट्रान्सपाँडर उपग्रहामार्फत दोन्ही बाजूंनी छोटे संदेश नेतो-आणतो, आणि 'नभमित्र' या ॲपद्वारे मोबाइलशी बिनतारी जुळतो. मोबाइलची रेंज संपते तिथेही तो चालतो. वायरलेसच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे त्याचा टप्पा अँटेनाच्या उंचीवर ठरतो. पलीकडच्या पाण्यात ट्रान्सपाँडर आणि डॅटच कामाला येतात. मामाने ट्रान्सपाँडरसाठी अर्ज केला नसेल तर मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात आधी चौकशी करायला सांगा.

थोडक्यात, जागेची माहिती वाटून घ्या, पण मदत मागण्याचे मार्ग वेगवेगळे ठेवा. आणि केबिनमध्ये तांडेलाच्या डोळ्यांसमोर रंगाने मोठ्या आकड्यांत दोन गोष्टी लिहा : संकटात बोलायचं चॅनल १६, आणि तटरक्षक दलाचा फोन १५५४.

वेळापत्रक तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. होडी किनाऱ्यावर, झावळ्यांखाली, कोरडी. दोन शनिवार-रविवारांचं काम आहे. पहिल्या खेपेला फक्त मोजमाप घ्या, यंत्रांच्या मागच्या पाट्यांचे फोटो काढा, पुण्याला परतून पुस्तिका वाचा आणि तारा विकत घ्या. दुसऱ्या खेपेला जोडा. नारळी पौर्णिमेला नारळ वाहून होडी पाण्यात गेली, की मामाला केबिनमध्ये घेऊन वायरलेसचा पडदा दाखवा. तिथे १७ अंश ४८ मिनिटांच्या आसपासचा आकडा असेल, आणि होडी पुढे जाईल तसा तो हळूहळू बदलत राहील.

गणेश पेठेच्या बाजारात पहाटे उतरणारं पापलेट कुणाच्या तरी मामाने आणलेलं असतं. आपण पुणेकर समुद्रापासून घाटाच्या या बाजूला राहतो, पण आपल्या हातांत वायरिंगची विद्या आहे. ती दोन तारांपुरती जरी हर्णैच्या वाळूवर पोचली, तरी एका होडीच्या संदेशातले दहा नऊ पुसले जातील आणि त्या जागी होडीचा खरा पत्ता येईल.